घरचे जेवण, पण कोणाच्या हातचे?

वाचकाचा प्रश्न : नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या एका वडिलांनी हे पत्र लिहिले आहे. त्यांची पत्नी खासगी रुग्णालयात परिचारिका असून तिची कामाची पाळी दर आठवड्याला बदलते. मुलगी 9 वर्षांची आहे आणि मुलगा 5 वर्षांचा. पत्नीची दुपारची किंवा रात्रीची पाळी असते तेव्हा पाळणाघरातून मुलांना घेऊन साडेसहाला घरी येणे, अभ्यास घेणे, जेवू घालणे आणि साडेनऊपर्यंत झोपवणे हे सगळे वडिलांकडे असते. असे दिवस महिन्यातून पंधरा-सोळा तरी येतात. खिचडी, पिठले, अंड्याची पोळी आणि बटाट्याची भाजी एवढे त्यांना करता येते. कामावर जाण्यापूर्वी पत्नी फ्रिजच्या दारावर सूचनांच्या चिठ्ठ्या लावून जाते, तरीही आठवड्यातून तीन-चारदा जेवण बाहेरून मागवले जाते. मुलांच्या हातून काही सर्जनशील घडावे म्हणून त्यांनी हस्तकलेचे तयार संच विकत आणले आणि रविवारचे वेळापत्रक भिंतीवर लावले, पण दुसऱ्याच रविवारी धाकट्याने रंग सांडले, त्यांनी आवाज चढवला आणि ते सगळे बारगळले. मुलीचा शाळेचा प्रकल्प त्यांनी रात्री अकरापर्यंत बसून एकट्याने पूर्ण केला. तोवर ती झोपून गेली होती. नातेवाईक त्यांची कीव करतात, आणि त्यांची आई फोनवर म्हणते, "आईच्या हातची चव ती आईच्याच हातची." त्यांनी लिहिले आहे, "मी घरात बदली खेळाडूसारखा आहे. स्वयंपाकाला बाई लावावी का? एवढ्या वेळात मुलांना आवडेल असे घरचे काय करता येईल? आणि त्यांच्या कल्पकतेसाठी वेळ कोठून आणू?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या तिन्ही प्रश्नांकडे मी येणारच आहे, परंतु त्याआधी तुम्ही स्वतःसाठी वापरलेल्या 'बदली खेळाडू' या शब्दांपाशी थोडे थांबावेसे वाटते. बदली खेळाडू साधारणपणे क्षेत्ररक्षण करतो, त्याच्या हाती बॅट येत नाही, आणि मूळ खेळाडू परत येईपर्यंत काही बिघडू नये एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. महिन्यातले पंधरा-सोळा दिवस जो माणूस दोन मुलांची संध्याकाळ एकट्याने पार पाडतो, त्याने स्वतःकडे असे पाहावे हे मला पटत नाही. तुमच्या मुलांच्या आठवणीत संध्याकाळचा स्वयंपाक हा बराचसा तुमच्याच हातचा असणार आहे. ती चव कशी असावी हे तुम्ही ठरवू शकता. मात्र त्यासाठी आधी ती तुमची आहे हे मान्य करावे लागेल.

नातेवाइकांची कीव कोठून येते हेही समजून घेण्यासारखे आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 मध्ये केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणीत 6 वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींचा दिवसाचा हिशेब मांडला आहे. घरच्या माणसांसाठी विनामोबदला केल्या जाणाऱ्या घरकामात त्या दिवशी सुमारे 81 टक्के स्त्रियांनी भाग घेतला होता आणि अवघ्या 26 टक्के पुरुषांनी. ज्यांनी ही कामे केली त्यांच्यातही स्त्रियांची सरासरी 299 मिनिटे खर्च झाली आणि पुरुषांची 97. तुमच्याभोवतीची बहुतेक माणसे उरलेल्या पुरुषांच्या घरांत वाढलेली आहेत, त्यामुळे तुमचे रोजचे काम त्यांना संकट वाटते. तुम्ही मात्र त्यांच्या नजरेने स्वतःच्या घराकडे पाहू नका, आणि मुलांसमोर कोणी अशी कीव केली तर शांतपणे पण स्पष्टपणे सांगा की आमच्या घरी ज्याची कामाची पाळी नसते तो स्वयंपाक करतो.

आता चिठ्ठ्यांबद्दल लिहितो. भाजी दुसऱ्या कप्प्यात आहे, डाळ भिजवली आहे, धाकट्याला तिखट कमी घाला, अशा सूचना वाचताना तुम्हाला आपण हरकाम्या असल्यासारखे वाटते, असे तुमच्या पत्राच्या सुरावरून जाणवते. तुमच्या पत्नीच्या बाजूने विचार केला तर कदाचित असे दिसेल की मुलांना झोपताना पाहता येत नाही याची तिला टोचणी आहे आणि त्या चिठ्ठ्यांमधून ती संध्याकाळी घरात हजर राहू पाहते आहे. म्हणून हा विषय तक्रारीच्या सुरात काढू नका. एखाद्या निवांत सकाळी चहा घेताना तिला इतकेच सांगा की, ज्या दिवशी तिची दुपारची किंवा रात्रीची पाळी असेल त्या दिवशीचे रात्रीचे जेवण पूर्णपणे तुमचे. पूर्णपणे म्हणजे काय करायचे ते ठरवणे, त्याचे सामान आणणे, भिजवणे, शिजवणे आणि उरलेले झाकून ठेवणे, हे सगळे. चुलीपाशी उभे राहण्यापेक्षा 'आज काय करायचे' या प्रश्नाचे ओझे मोठे असते, आणि तुमच्या घरात ते ओझे अजूनही एकटी तीच वाहते आहे. पहिले पंधरा दिवस एखाद्या दिवशी मीठ जास्त पडेल, एखाद्या दिवशी डाळ कच्ची राहील, आणि तेव्हा तिने न बोलता ते खाणे हा तिच्या वाटणीचा भाग असेल.

घरचे जेवण म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर पोळी, भाजी, आमटी, भात, कोशिंबीर असे भरलेले ताट येते, आणि ते जमत नाही म्हणून हात मोबाइलकडे जातो. ते ताट ज्या घरांतून आले तेथे स्वयंपाकघरात तीन-चार बायका होत्या आणि त्यांच्यातील कोणीही पावणेसातला कामावरून येत नव्हती. एकाच पातेल्यातले किंवा एकाच तव्यावरचे जेवण आपल्याकडे नेहमीच होते. मुगाची खिचडी, पिठले-भात, थालीपीठ आणि दही, आंबोळी, मिश्र डाळींची धिरडी, विदर्भातली उकडपेंडी हे सगळे स्वयंपूर्ण जेवणाचे प्रकार आहेत. धान्यात लायसिन हा प्रथिनांचा घटक कमी असतो आणि डाळींत तो भरपूर असतो, उलट डाळींत जो मेथिओनिन कमी पडतो तो धान्यातून मिळतो. त्यामुळे खिचडीच्या एका वाडग्यात ही जोडी आपोआप जुळते. सोबत काकडीच्या किंवा गाजराच्या चकत्या आणि वाटीभर दही दिले की कोणत्याही आईने किंवा वडिलांनी अपराधी वाटून घेण्यासारखे काही उरत नाही.

स्वयंपाकाला बाई लावावी का, या प्रश्नाचे उत्तर पैशाच्या हिशेबावर अवलंबून आहे आणि तो तुम्हीच करू शकता, पण निर्णय 'सगळे किंवा काहीच नाही' असा घेण्याची गरज नाही. संध्याकाळच्या स्वयंपाकात सर्वांत जास्त वेळ पोळ्या खातात, आणि शिकायलाही सर्वांत जास्त वेळ त्याच घेतात. आठवड्यातून चार दिवस केवळ पोळ्या करून देणाऱ्या मावशी मिळाल्या, किंवा जवळच्या पोळी-भाजी केंद्रातून परतीच्या वाटेवर पोळ्या आणता आल्या, तर तुमचा मोठा भार हलका होईल आणि उरलेला स्वयंपाक तुमच्याच हातचा राहील. पूर्ण स्वयंपाकाला बाई लावली तर जेवण नक्कीच चांगले होईल, परंतु ती संध्याकाळी साडेसहाला येणार असेल तर त्या तासात मुलांना गप्प बसवण्याचे काम तुमच्याकडे उरेल, आणि मग ती दोघे पडद्यासमोर बसतील हे जवळजवळ ठरलेले आहे.

बाहेरून मागवणे सर्वस्वी बंद करा असे मी म्हणणार नाही. ते एका वाराला बांधून टाका. समजा शुक्रवार ठरला, तर शुक्रवारी काय मागवायचे हे एका आठवड्यात मुलगी निवडेल आणि पुढच्या आठवड्यात मुलगा. वार ठरलेला असला म्हणजे बाकीच्या दिवशी 'आज मागवू या ना' या मागणीला तुम्हाला कारणे द्यावी लागत नाहीत, केवळ वाराची आठवण द्यावी लागते.

संध्याकाळी घरात पाऊल टाकल्याबरोबर स्वयंपाकाला लागू नका. भुकेलेल्या मुलांकडून सहकार्याची अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे, आणि पाळणाघरात दिलेले चार वाजताचे खाणे साडेसहापर्यंत जिरून गेलेले असते. तूप-गुळाची पोळीची गुंडाळी, एखादे केळे, चुरमुरे, असे काही तरी आधी त्यांच्या हातात द्या आणि दहा मिनिटे तुम्हीही त्यांच्यासोबत खाली बसा. त्यानंतर कूकर लावा. रात्रीच्या जेवणाची भूक मरेल ही भीती मला बऱ्याच पालकांकडून ऐकायला मिळते, पण थोडे खाल्लेले मूल साडेआठला पुन्हा जेवते, आणि उपाशी चिडलेले मूल मात्र ताटावर बसूनही जेवत नाही.

आता ज्याबद्दल लिहिण्याची मला खरी उत्सुकता आहे त्या गोष्टीकडे येतो. तुम्ही स्वयंपाकाचा वेळ वेगळा धरला आहे आणि कल्पकतेचा वेगळा, आणि म्हणून तो दुसरा वेळ तुम्हाला कोठेच सापडत नाही. आपल्याकडच्या स्वयंपाकघरांनी ही फारकत कधी केली नव्हती. लग्नाच्या रुखवतात मांडले जाणारे वळवट आठवून पाहा. बारीक रव्याच्या घट्ट पिठाची चिमटी घेऊन अंगठा आणि बोट यांच्यामध्ये वळलेले गव्हाच्या दाण्यासारखे गव्हले, नखाने आकार दिलेले नखुले, मालत्या, बोटवे. विदर्भाकडे काडीवर गुंडाळून केलेले सरगुंडे. हे खाद्यपदार्थ आहेत आणि हस्तकलाही आहे. माझ्या लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आजी आम्हा मुलांना ओळीने बसवून प्रत्येकासमोर पिठाचा एक गोळा ठेवत असे. माझे गव्हले अळ्यांसारखे जाड होत, तरी तिने ते कधी मोडून पुन्हा वळले नाहीत. खीर झाली की कोणत्या वाटीत माझे गव्हले आले आहेत हे मला लगेच ओळखता येई, आणि मी ती वाटी मागून घेत असे.

एखाद्या रविवारी तुम्ही हे करून पाहा. एक वाटी बारीक रवा, चमचाभर तूप आणि लागेल तेवढे दूध घेऊन घट्ट पीठ भिजवा, ते तासभर झाकून ठेवा आणि मग चांगले मळून मुलांच्या हाती द्या. पाच वर्षांच्या मुलाच्या बोटांना यापेक्षा चांगला व्यायाम मला माहीत नाही. वळलेले गव्हले पसरून कडकडीत वाळवा, तुपावर परता, दुधात शिजवा आणि साखर घाला. मुले वीस मिनिटांत कंटाळली तर वाटीभर गव्हल्यांऐवजी मूठभर होतील, आणि तेवढ्यावरही चार छोट्या वाट्या खीर होते.

रोजच्या संध्याकाळी मात्र इतका निवांतपणा नसतो, आणि त्यासाठी मी तुम्हाला वरणफळांची शिफारस करतो. यांना काही भागांत चकोल्या म्हणतात. चौघांसाठी पाऊण वाटी तूरडाळ हळद-हिंग घालून कूकरला लावा. तोवर मुलीला 2 वाट्या कणीक मोजून परातीत घ्यायला सांगा. त्यात ओवा, मीठ, थोडी हळद, चिमूटभर तिखट आणि चमचाभर तेल घालून तिने पोळीपेक्षा घट्ट कणीक मळायची. डाळ घोटून तिच्यात पाच-सहा वाट्या पाणी, आमसूल किंवा चिंच, गुळाचा खडा आणि गोडा मसाला घालून फोडणी तुम्ही द्या. आमटी उकळत असताना मुले पोळी लाटतील. ती कोणत्याही आकाराची झाली तरी चालते, कारण तिचे तुकडेच करायचे आहेत, आणि हेच या पदार्थाचे मोठेपण आहे. मुलगी कातण्याने शंकरपाळ्यासारखे चौकोन पाडेल, मुलगा वाटीच्या काठाने चंद्रकोरी करील किंवा स्वतःच्या नावाचे पहिले अक्षर घडवण्याचा प्रयत्न करील. उकळत्या आमटीत तुकडे एकेक करून तुम्हीच सोडा, म्हणजे ते एकमेकांना चिकटत नाहीत आणि मुलांचे हात वाफेपासून दूर राहतात. दहा-बारा मिनिटांत ते शिजतात. वरून तूप घालून वाढा. लाटलेल्या पोळीतून आपण पाडलेला तुकडा आपल्याच ताटात शोधण्यात मुले इतकी गुंततात की भाजी खाण्यावरून रोज होणारा वाद त्या दिवशी होत नाही. चिरलेला पालक किंवा मेथी त्याच आमटीत घातली तरी चालते.

थालीपीठही याच जातीचे आहे. भाजणी महिन्याची एकदाच दळून आणून ठेवता येते. ओल्या फडक्यावर थालीपीठ थापणे आणि त्याला बोटाने भोके पाडणे हे पाच वर्षांच्या मुलाचे हक्काचे काम समजा. तव्यावर टाकणे तुमचे. तुमच्या भागात नागली सहज मिळते, तिचे थोडे पीठ भाजणीत मिसळले तर चव आणि पोषण दोन्ही वाढते.

मुलांना काम देताना एक गोष्ट मनाशी पक्की करा, की त्यांच्या मदतीने स्वयंपाक लवकर होणार नाही, तो दहा-पंधरा मिनिटे लांबेल. म्हणून ज्या दिवशी तुम्ही थकलेले आहात, ज्या दिवशी घरी यायलाच साडेसात वाजले आहेत, त्या दिवशी मुलांना स्वयंपाकघरात बोलावू नका. आठवड्यातून दोन संध्याकाळी पुरे आहेत. मात्र त्या दोन संध्याकाळी दिलेले काम खरे असावे. खेळण्यातला पोळपाट आणि कणकेचा उरलेला गोळा देऊन मुलाला कोपऱ्यात बसवले तर ते काम खोटे आहे हे त्याला कळते. लसूण सोलणे, मटार सोलणे, कढीपत्ता तोडणे, तांदूळ धुणे, कूकरच्या शिट्ट्या मोजणे ही पाच वर्षांच्या मुलाला जमणारी खरी कामे आहेत. मुलीला आधी केळे आणि उकडलेला बटाटा बोथट सुरीने कापू द्या, नंतर तुमच्या देखरेखीखाली काकडी. गरम तेल, फोडणी आणि कूकर उघडणे यांपासून दोघांनाही अजून काही वर्षे दूर ठेवा, आणि गॅसच्या ओट्यापासून हातभर अंतरावर जमिनीला रंगीत चिकटपट्टी लावून ती ओलांडायची नाही असा नियम करा. असे नियम दिसण्याजोगे असले की लहान मुले ते पाळतात.

तुमचा रविवार वेळापत्रकामुळे बिघडला, असे मला वाटते. विकतच्या संचात सगळे आधीच ठरलेले असते, खोक्यावर तयार वस्तूचे चित्र असते आणि मुलाच्या हातून ते चित्र कधीच होत नाही. पाच वर्षांच्या मुलाने रंग सांडणे हे त्याच्या वयाला धरूनच होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्यात (आता पालघर) आधी बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे काम उभे केले, तेव्हा माँटेसरी पद्धतीची महागडी साधने त्यांनी जशीच्या तशी आणली नाहीत. बिया, शंखशिंपले, खडे, पाने, अशा परिसरातल्या वस्तूंनी त्यांनी ती जागा भरली. तुमच्या मिसळणाच्या डब्यात आणि धान्याच्या बरण्यांत तितकेच सामान आहे.

मी येथे तीन-चार गोष्टी सांगतो, त्यांतील जी तुमच्या मुलांना आवडेल तीच धरा. हळद पाण्यात कालवून पांढरा कागद तिने रंगवा आणि वाळू द्या. मग खायचा सोडा पाण्यात विरघळवून त्या पाण्यात काडी बुडवून कागदावर चित्र काढायला सांगा. रेघा तांबड्या उमटतात, कारण हळदीचा रंग अल्कधर्मी पदार्थाने पालटतो. त्याच रेघांवर लिंबाचा रस लावला की त्या पुन्हा पिवळ्या होतात. हळदीला चुना लावून कुंकू कसे करतात याची गोष्ट मुलीला त्याच वेळी सांगता येईल. दुसरे म्हणजे मिठाची कणीक. 2 वाट्या मैद्यात 1 वाटी मीठ मिसळून साधारण वाटीभर पाण्यात मळली की तिच्या पणत्या, फळे, बैल काहीही करता येते. उन्हात वाळवून रंगवले तर ते बरेच दिवस टिकतात. मिठाचे प्रमाण मोठे असल्याने ती तोंडात घालायची नाही हे धाकट्याला आधी सांगा. तिसरे, मोड आणणे. मटकी रात्री भिजत घालून सकाळी फडक्यात बांधून ठेवा आणि मुलाला दर काही तासांनी गाठोडे उघडून पाहू द्या. मिसळीच्या गावातल्या मुलाला मटकीला शेपूट फुटताना दिसावी, हे मला फार आवडेल. आंबोळीचे पीठ आंबवताना भांड्याला बाहेरून खूण करून ते किती वर आले हे मुलगी वहीत लिहू शकते. नाशिकच्या डिसेंबरातील थंडीत त्याला उन्हाळ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि असे का व्हावे हा प्रश्न ती स्वतःहून विचारेल.

आणि दिवाळी. किल्ला करण्यासाठी अंगण नसेल तर गच्चीचा कोपरा किंवा जुनी परातही पुरते. दगड-विटा रचून वर गोणपाट आणि चिखल लावा, अळीव पेरा, पाणी शिंपडत राहा, चार-पाच दिवसांत डोंगर हिरवा होतो. आकाशकंदिलासाठी बाजारचा गोंद आणण्यापेक्षा मैद्याची खळ शिजवा. पातेल्यात थंड पाण्यात कालवलेला मैदा मंद आचेवर दाट होईपर्यंत हलवत राहणे, एवढेच ते काम आहे, आणि आपण लावलेला कागद खळीने चिकटला की मुलाला होणारा आनंद वेगळाच असतो.

शाळेच्या प्रकल्पाबाबत माझे मत ठाम आहे. रात्री अकरापर्यंत बसून तुम्ही जे केले ते प्रेमाने केले यात मला शंका नाही, परंतु सकाळी वर्गात ते ठेवताना तुमच्या मुलीला ते आपले वाटले नसेल. पुढच्या वेळी तिच्या वर्गशिक्षिकेला वहीत दोन ओळी लिहून कळवा की हे काम मुलीने स्वतः केले आहे, आम्ही केवळ साहित्य दिले आहे. चिकटवलेले चित्र तिरके असेल, अक्षरे ओळीबाहेर जातील. बहुतेक शिक्षकांना हे मनापासून हवेच असते, पण पालकांनी सुरुवात केल्याशिवाय तेही बोलू शकत नाहीत. आणि प्रकल्प सांगितल्याच्या दिवशीच तिच्यासोबत पाच मिनिटे बसून काय लागेल त्याची यादी तिच्याकडून करून घ्या, म्हणजे आदल्या रात्री दुकान शोधण्याची वेळ येणार नाही.

हे उत्तर वाचणाऱ्या इतर पालकांपैकी काही जण लोकलने साडेआठला घरी पोहोचत असतील, काही एकट्याने मुले वाढवत असतील, काही एका खोलीत राहत असतील जेथे ओट्यापाशी दोन माणसे उभी राहू शकत नाहीत. त्यांनी संध्याकाळचा आग्रह सोडावा. रविवारी सकाळचा एक तास सर्वांना थोडाफार मिळतो. त्या तासात कांदा-खोबऱ्याचे वाटण करून छोट्या डब्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवता येते, आले-लसूण वाटता येते, धिरड्यांचे पीठ भिजवता येते, आणि त्यातले लसूण सोलण्यासारखे काम जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मुलांसोबत करता येते. शिळ्या भाताबद्दल तेवढी काळजी घ्यावी. फोडणीच्या भातासाठी ठेवायचा भात रात्रभर ओट्यावर न ठेवता शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा, कारण शिजूनही टिकून राहणारे काही जिवाणू उबेत वाढतात आणि त्यांनी निर्माण केलेले विष पुन्हा गरम करूनही जात नाही.

तुमच्या आईंच्या वाक्याबद्दलही लिहायला हवे. त्या तुम्हाला हिणवत नसाव्यात असे मला वाटते. मुलगा स्वयंपाक करतो हे त्यांच्या पिढीला पचवणे अवघड आहे आणि त्यांना आपले स्थान आठवते. त्यांना वाद घालून काही पटवू नका. पुढच्या फोनवर त्यांना त्यांच्या भाजणीचे प्रमाण विचारा, धान्ये किती भाजायची, धणे किती घालायचे ते मुलीला लिहून घ्यायला सांगा. आजीच्या हातची ती चव मग तुमच्या हातून तुमच्या मुलांकडे जाईल, आणि आजीलाही ते ऐकायला आवडेल.

शेवटी पुन्हा फ्रिजच्या दाराकडे येतो. पुढच्या दुपारच्या पाळीच्या दिवशी, जेवणे उरकल्यावर, मुलीला एक कोरी चिठ्ठी द्या आणि आईसाठी लिहायला सांगा, की वरणफळे खालच्या कप्प्यात निळ्या झाकणाच्या डब्यात आहेत, गरम करताना अर्धी वाटी पाणी घालायचे आहे कारण ती घट्ट होतात, आणि चंद्रकोरी धाकट्याने केल्या आहेत. रात्री साडेदहाला तुमची पत्नी घरी येईल तेव्हा मुले झोपलेली असतील. चिठ्ठी तिला दिसेल अशी लावा, आणि जेवताना तिच्यासोबत बसा.